रविवारच्या सायकलीचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत 'निकृष्ट वस्तू' अशी एक संज्ञा असते. माणसाचे उत्पन्न वाढू लागले की जिची मागणी घटते ती निकृष्ट वस्तू. वर्गात ही कल्पना समजावून देताना भरड धान्य, वनस्पती तूप आणि सायकल ही उदाहरणे देण्याची प्राध्यापकांची जुनी वहिवाट आहे. गेल्या काही वर्षांत यांपैकी दोन उदाहरणे आमच्या हातून निसटली. ज्वारी-नाचणी श्रीमंतांच्या ताटात सन्मानाने जाऊन बसली, आणि सायकल नेमकी अशांच्या घरात शिरली की ज्यांच्या दाराशी मोटार उभी आहे. वनस्पती तूप तेवढे अजून प्रामाणिक राहिले आहे! मोटारसायकलीहून महाग सायकली आज दुकानांत मिळतात आणि त्या घेणारेही असतात. व्हेब्लेनने १८९९ साली सुखवस्तू वर्गाच्या दिखाऊ खर्चाविषयी जे लिहून ठेवले त्याची आठवण रविवारी पहाटे पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर उभे राहिल्यास हमखास होते. तथापि तेवढ्यावरून या नव्या सायकलस्वारांना हसून मोकळे होणे योग्य नव्हे.

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळाविषयी हल्ली फार हळवेपणाने लिहिले जाते. त्या लिखाणातून एक गोष्ट बहुधा सुटते. लोक त्या काळी सायकल चालवीत ते आवडीने कमी आणि निरुपायाने अधिक. परवाना पद्धतीमुळे स्कूटरचे उत्पादन मर्यादित होते. नाव नोंदवल्यानंतर चेतक दाराशी येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलगा शाळेत असताना नाव नोंदवावे आणि गाडी त्याच्या नोकरीच्या सुमारास मिळावी, असे विनोदाने म्हटले जाई. सायकलीवरही कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. संध्याकाळी दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेले दिसले की पोलिसाची शिट्टी ठरलेली. १९९१ नंतर उत्पादनावरचे निर्बंध सुटले, पुढे कर्जही सुलभ झाले, आणि सायकलवाल्यांनी पहिल्या संधीला सायकल सोडली. ज्याने वीस वर्षे उन्हापावसात पायडल मारीत कारखान्याची पाळी गाठली, त्याने स्कूटरला किक मारली म्हणून त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. त्या बातमीत दैवाचा खेळ जेवढा होता तेवढेच साधे मागणीचे गणितही होते.

आजचा रविवारचा सायकलस्वार हा निराळा माणूस आहे. त्याला सायकल चालवण्याची गरज नाही. त्याने ती निवडली आहे. प्रस्तुत लेखक ज्या लहानशा गटातून जातो त्यात एक बँकेतील अधिकारी आहेत, एक माध्यमिक शाळेतील शिक्षिका आहेत, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले एक लिपिक आहेत. लिपिकांना आम्ही कचेरीच्या रिवाजाप्रमाणे भाऊसाहेब म्हणतो. चौघांच्या सायकली चार तऱ्हेच्या. अधिकाऱ्यांची गिअरची, वजनाला हलकी. भाऊसाहेबांची काळी, मडगार्डाची, मागे कॅरिअर असलेली. पहाटे साडेपाचला निघावे, वीसेक किलोमीटरवरच्या खडकवासल्याच्या धरणापर्यंत जावे, चहा-पोहे घ्यावेत आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे, एवढाच नेहमीचा कार्यक्रम. वर्षातून तीन-चार वेळा डोणज्यापासून सिंहगडचा घाट चढण्याचा बेत होतो. तो घाट नऊएक किलोमीटरांचा आहे आणि त्यात गप्पा मारणे कोणालाही शक्य होत नाही.

एकट्याने सायकल चालवणे हा व्यायाम आहे. चौघांनी चालवली की त्याला वेगळेच रूप येते. पहिला नियम असा की वेग ठरतो तो सर्वांत मागे असलेल्याच्या चालीने. बाजाराच्या कोणत्याही तत्त्वात हे बसत नाही. तेथे मागे पडणारा बाहेर फेकला जातो. येथे पुढचा थांबतो, एक पाय जमिनीवर टेकून पाण्याची बाटली उघडतो आणि मागच्याला लाज वाटू नये म्हणून उगाच चेनकडे वाकून पाहतो. समोरून वारा असेल तर पुढचा स्वार तो अंगावर घेतो आणि मागच्यांचे श्रम हलके होतात. काही वेळाने पुढच्याने मागे यावयाचे, मागच्याने पुढे जावयाचे. सार्वजनिक वस्तूंच्या विवेचनात आम्ही 'फ्री रायडर' नावाच्या ज्या फुकट्याचा बाऊ करतो, तो येथे शब्दशः अवतरू शकतो: कायम कोणाच्या तरी आडोशाने जाणारा स्वार. पण तो फारसा दिसत नाही. मान्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या गटांपेक्षा लहान गटांना सामुदायिक हित साधणे सोपे का जाते याचे विवेचन केले. आमच्या भाऊसाहेबांनी ओल्सन वाचलेला नाही. ते "साहेब, आता तुम्ही पुढं व्हा" एवढेच म्हणतात आणि काम भागते.

आणि पंक्चर! एका चाकातील हवा गेली की आठही चाके थांबतात. अधिकाऱ्यांच्या महाग सायकलीची ट्यूब काढण्यास भाऊसाहेबांचेच हात लागतात. पाण्याचा डबा नसला तर ते ट्यूब फुगवून गालाजवळ धरतात आणि भोक शोधून काढतात. मग घासकागद, सोल्युशन, ठिगळ, दोन मिनिटांची वाट. तेवढ्या वेळात जी बोलणी होतात ती एरवी दिवाणखान्यात होत नाहीत. मुलाचे रखडलेले लग्न, मुख्याध्यापकांशी झालेली खडाजंगी, वडिलांचे वाढते विस्मरण हे सारे विषय रस्त्याच्या कडेला, ग्रीसने काळे झालेल्या हातांच्या साक्षीने निघतात. हल्ली फोनमध्ये किलोमीटर, वेग, चढ आणि नाडीचे ठोके यांची नोंद ठेवण्याची सोय असते. ती वाईट नाही. परंतु त्या नोंदीत पंक्चरची वीस मिनिटे 'थांबलेला वेळ' म्हणून वजा होतात, हे मात्र लेखकास मान्य नाही.

वेळेचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हा तिघा पुरुषांना रविवारी पहाटे केवळ उठावयाचे असते. शिक्षिकाबाई मात्र चारला उठतात, कणीक मळून ठेवतात, सासूबाईंच्या औषधांची वाटी भरतात आणि मग निघतात. परतल्यावर पुन्हा ओट्याशी उभ्या राहतात. २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरातील बिनमोबदल्याच्या कामात गुंतलेल्या स्त्रीचा दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ८८ मिनिटे. फुरसत ही वस्तू किती विषम वाटली गेली आहे हे दाखवणारे याहून बोलके आकडे क्वचितच सापडतील. सायकलने स्त्रियांना काय दिले याचे दाखले आपल्या देशात थोडे नाहीत. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेबरोबर हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली दिल्या आणि माध्यमिक शाळांतील त्यांची संख्या वाढली. त्या सायकली कामाच्या होत्या. निव्वळ मजेसाठी, कोठेही पोहोचावयाचे नसताना सायकलवर बसणारी चाळिशीची गृहिणी हे दृश्य अजून आपल्याला सवयीचे नाही. आमच्या बाई चाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या, तेव्हा "आता काय गरज?" हा प्रश्न त्यांना जितक्या लोकांनी विचारला तितक्यांनी तो आम्हा तिघांपैकी एकालाही कधी विचारलेला नाही.

राहिला रस्ता. अडचणींत पहिला मान खड्ड्यांचा नाही, कुत्र्यांचाही नाही, तर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या डंपरचा व टँकरचा आहे. चौघे एकत्र असलो की निदान नजरेस पडतो. म्हणून तर एकट्याने निघण्याचे धाडस होत नाही. पण त्याच रस्त्यावर त्याच वेळी कॅरिअरला किटल्या अडकवून दूधवाला जात असतो, बांधकामावरचा मजूर डबा घेऊन जात असतो. ते एकटेच असतात आणि त्यांना रविवार नसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे सायकल आहे. निकृष्ट असो वा नसो, ही वस्तू अजून कोट्यवधींच्या उपयोगाची आहे. रविवारच्या हौशी स्वारांचा आवाज कचेऱ्यांतून ऐकला जातो. त्यांनी तो आपल्यापुरताच लावला तर ती मोठी कोती गोष्ट होईल.

धोरणांचा तुटवडा नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सायकलला प्राधान्य दिले. त्याच वर्षी पुण्यात जलद बसमार्गांबरोबर सायकलमार्ग आखले गेले. २०१७ मध्ये सर्वंकष आराखडा झाला आणि त्या डिसेंबरात भाड्याच्या सामायिक सायकलीही आल्या. सायकली काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. मार्ग आहेत, पण अनेक ठिकाणी त्यांवर मोटारी उभ्या असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला ही स्वागतार्ह गोष्ट झाली. परंतु सायकल स्वस्त झाली म्हणून रस्ता सुरक्षित होत नाही, आणि मागणी अडली आहे ती किमतीपाशी कमी व भीतीपाशी अधिक.

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करण्याची प्रथा आहे. आज ते शंभराहून अधिक किलोमीटर भरतात आणि दुपारी दोनपर्यंत सायकलस्वारांचे व पादचाऱ्यांचे असतात. पुण्यात एवढे मागण्याचे कारण नाही. खडकवासल्याकडे जाणारा रस्ता रविवारी पहाटे पाच ते आठ या वेळेत अवजड वाहनांना बंद ठेवावा आणि सहा महिने अनुभव घेऊन पाहावा. दुधाच्या गाड्या, भाजीचे टेम्पो, रुग्णवाहिका आणि प्रवासी बस यांना अर्थातच मोकळीक हवी. खडी-वाळूचे डंपर तीन तास उशिरा निघाल्याने कोणाचीही इमारत अडून राहणार नाही.