दुधावाचून दिवाळी

'दुधात साखर' हा आपल्या मराठीतला मोठा लाडका वाक्प्रचार. मुलीला स्थळ चांगले मिळाले आणि तेही गावातलेच निघाले, की आपण म्हणतो, दुधात साखर पडली! पण वर्गात हा वाक्प्रचार समजावून देताना हल्ली मला हसू येते. कारण कित्येकांचे दुखणे असते ते नेमके या दुधातल्या साखरेचेच. दुधात मुळातच लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारे पाचक द्रव्य बालपणानंतर अनेकांच्या शरीरात कमी होत जाते. मग पेलाभर दूध घेतले, की पोट फुगते, कळा येतात.

दुसरा प्रकार याहून गंभीर. त्यात शरीराचे वैर असते ते दुधातल्या प्रथिनांशी. पहिल्या प्रकारच्या माणसाला तूप बहुधा चालून जाते. दुसऱ्याला ते थोडेसेही बाधू शकते, कारण तुपात प्रथिनांचा अंश राहून जातो. आपला प्रकार कोणता, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, शेजारणीकडून नव्हे!

माझ्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा या दुसऱ्या प्रकारातला. कुणाकडे फराळाला गेला, की ताटाला हात लावण्याआधी तो विचारतो, "काकू, यात तूप आहे का हो?" त्याला वेगळ्या डब्यातला वेगळा खाऊ देण्यापेक्षा सगळ्यांच्याच ताटात त्याला चालेल असे काही का असू नये? एवढ्यासाठी मी आपल्या जुन्या पदार्थांची उजळणी केली आणि ध्यानात आले, की यासाठी दूर जायलाच नको.

कोकणात आणि गोव्यात गोडाधोडाला नारळाचा रस पूर्वापार चालत आला आहे. गोव्याचे मणगणेच पाहा ना! एका नारळाचा चव वाटीभर कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळावा. हा दाट रस. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ रस काढावा. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजवून तीत पाव वाटी भिजवलेला साबुदाणा घालावा. तो काचेसारखा दिसू लागला, की पातळ रस आणि वाटीभर गूळ घालावा. दाट रस आणि वेलची अगदी शेवटी. मात्र मग उकळी येऊ देऊ नका, नाहीतर रस फुटतो.

लाडू तर त्याहून सोपे. दोन वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे आणि वाटीभर चिरलेला गूळ एकत्र कुटावा. दाण्यांना तेल सुटते आणि लाडू आपोआप वळले जातात. तुपाची गरजच पडत नाही.

राहिला प्रश्न पावाला लावायच्या लोण्याचा. पाव किलो दाणे खमंग भाजून, सोलून, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवत राहा. आधी कूट होईल, मग गोळा; धीर धरलात तर त्याचेच मऊ लोणी होईल. चिमूटभर मीठ घाला, पाणी मात्र मुळीच नको. हे काही नवे फॅड नव्हे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले आणि १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना भुईमुगाचे लोणी आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. हे लोणीही अति खाल्ले तर बाधते, असा अनुभव त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदवला आहे! काहींना शेंगदाणाही सोसत नाही. तेव्हा पाहुण्यांना आधी विचारलेले बरे.

"पण मग हाडांचे काय?" असे आजीबाई विचारतीलच. त्यांना सांगावे, की शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. तिळातही ते भरपूर असते. तरी वाढत्या मुलाचे दूध बंद करायचे, तर त्याचा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आणखी दोन गोष्टी सांभाळा. विकतची बिस्किटे, पाव, चॉकलेट घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' ही सारी दुधाचीच नावे. आणि लाडू वळायला घेण्याआधी तुपाची परात बाजूला ठेवून हात स्वच्छ धुवा. मग ताट पुढे करताना बेलाशक सांगा, "घे रे बाळा, यात तूप नाही."