दहा वर्षांचे डिझेल, पंधरा वर्षांचे पेट्रोल

भारतात ट्रक म्हटले की मालवाहू गाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेली आणि रोज कामावर जाण्यासाठी वापरली जाणारी पिकअप गाडीही याच नावाने ओळखली जाते. अशा खासगी पिकअप भारतात मोजक्याच मिळतात आणि त्यांतल्या इसुझूची व्ही-क्रॉस व टोयोटाची हायलक्स या दोन्ही डिझेलवरच चालतात. त्यामुळे डिझेल घ्यावे की पेट्रोल, हा प्रश्न भारतीय ग्राहकापुढे प्रामुख्याने एसयूव्ही घेताना उभा राहतो. इतरत्र तो बहुतांशी अ‍ॅव्हरेज आणि किमतीच्या हिशेबावर सुटतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे दिल्ली आणि तिच्याभोवतालच्या हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थानातील जिल्ह्यांत, त्या हिशेबात हवा, न्यायालय आणि दिनदर्शिका यांचीही भर पडते.

एकाच आकाराची दोन इंजिने

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या जादा दाबामुळे उष्णतेचा मोठा हिस्सा कामाला लागतो, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. डिझेल गाडीचे अ‍ॅव्हरेज जास्त असते ते या दोन कारणांनी. ह्युंदाई क्रेटाच्या दीड लिटर क्षमतेच्या साध्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांची शक्ती जवळपास सारखी, अनुक्रमे ११५ आणि ११६ पीएस आहे. परंतु टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, पेट्रोलमध्ये सुमारे १४४ न्यूटन-मीटर आणि डिझेलमध्ये २५० न्यूटन-मीटर आहे. भरलेली गाडी घाट चढताना डिझेलवाला निवांत असतो, याचे कारण हेच आहे. मात्र दिल्लीत घाट नाहीत. तेथे आहे ती सिग्नलमागून सिग्नल थांबत सरकणारी रांग, आणि तेथे या जोराचा उपयोग मर्यादितच राहतो.

स्वस्ताईचा काळ आणि त्याचा शेवट

डिझेल गाड्यांची एकेकाळची लोकप्रियता इंजिनाच्या गुणांइतकीच सरकारी दरधोरणातून आली होती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, पण शेती आणि मालवाहतुकीसाठी डिझेलचे दर सरकारने धरून ठेवले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आतच होते. शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या या सवलतीवर शहरांतल्या महागड्या गाड्या धावू लागल्या आणि त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे निम्म्या डिझेलच्या झाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोन्ही इंधनांतील अंतर आटत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले आणि जुलैअखेरीस राज्य सरकारने मूल्यवर्धित कर ३० टक्क्यांवरून १६.७५ टक्क्यांवर आणल्यावरच ते पुन्हा खाली आले. २०२५ मध्ये दिल्लीतील दर पेट्रोलसाठी ९४.७७ आणि डिझेलसाठी ८७.६७ रुपये होता, म्हणजे बत्तीस रुपयांचे अंतर सात रुपयांवर आले होते. मारुती सुझुकीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणेच थांबवले.

न्यायालयाने घातलेली मुदत

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होऊ शकते. राजधानी क्षेत्रात मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या सर्व गाड्यांना आणि ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना रस्त्यावर येण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी हा निर्णय कायम ठेवला. दरम्यान डिसेंबर २०१५ मध्ये दोन हजार सीसी व त्यापुढील डिझेल मोटारींची नोंदणी या क्षेत्रात थांबवण्यात आली. त्यावर महिंद्राने अवघ्या महिनाभरात स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० यांसाठी १.९९ लिटरचे, म्हणजे मर्यादेच्या किंचित आतले, डिझेल इंजिन बाजारात आणले. ही बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये शोरूम किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क भरण्याच्या अटीवर उठली.

दहा वर्षांच्या नियमावरील वाद त्यानंतरही शमला नाही. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पंपांवर कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचून मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन नाकारण्यास सुरुवात झाली, पण लोकांचा विरोध आणि यंत्रणेतील उणिवा यांमुळे काही दिवसांतच ती मोहीम लांबणीवर पडली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे धुरातील प्रदूषकांवर मर्यादा घालणारे सरकारी मानक असून एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू आहे. अंतरिम आदेश हा अखेरचा शब्द नसतो. त्यामुळे आज डिझेल गाडी घेणाऱ्याने दहा वर्षांची मुदत गृहीत धरूनच हिशेब मांडणे शहाणपणाचे ठरते.

वयाची अट बाजूला ठेवली तरी हिवाळा उरतोच. हवेचा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या पुढे गेला की श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा, म्हणजेच ‘ग्रॅप’चा, तिसरा टप्पा लागू होतो आणि दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर येथे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना बंदी होते. २०१९ मध्ये घेतलेली, कागदपत्रे चोख असलेली बीएस-४ डिझेल गाडी अशा दिवसांत दारात उभी राहते, तर त्याच वर्षी घेतलेली पेट्रोल गाडी कामावर जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हा फरक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे.

काजळीची चाळणी

बीएस-६ मानकाने डिझेल गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणि सूक्ष्म कणांची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणली. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले होते, हे लक्षात घेता ही सुधारणा मोठी आहे. पण ती साधण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाची जी चाळणी बसवावी लागली, तिच्यामुळेच शहरातील रोजच्या वापराचा सगळा प्रश्न बदलून गेला.

ही चाळणी म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी, असंख्य अरुंद नळ्यांची सिरॅमिकची लादी असते. प्रत्येक नळी एका टोकाला बंद असल्याने धुराला तिच्या सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकते. साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात आणि तिला सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमान लागते. महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालली की हे काम चालकाच्या नकळत उरकते. परंतु घरापासून मेट्रो स्थानकापर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापण्याआधीच बंद होते, रीजनरेशन सुरू झाले तरी अर्ध्यावर तुटते आणि काजळी साचत जाते. पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो दुर्लक्षिला तर इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते आणि गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमधले न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते, हे नुकसान तर वरून दिसतही नाही. काही डिझेल गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करण्यासाठी युरियाचे पाण्यातील द्रावण, म्हणजे डीईएफ, वेगळ्या टाकीत वेळोवेळी भरावे लागते, तो खर्च आणि ती काळजी आणखी निराळी.

पेट्रोल गाडी या बाबतीत सोशीक आहे, पण निर्दोष नाही. थांबत-सरकत जाणाऱ्या रहदारीत तिचे अ‍ॅव्हरेज झपाट्याने घसरते, विशेषतः टर्बो इंजिनाच्या जड एसयूव्हीचे. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने अ‍ॅव्हरेजला थोडी कात्री लागते.

रुपयांचा हिशेब

उदाहरणादाखल शोरूम किंमत पेट्रोल गाडीची १६ लाख आणि तशाच डिझेल गाडीची साडेसतरा लाख धरावी. दिल्लीत दहा लाखांपुढील खासगी गाडीला पेट्रोलसाठी १० टक्के आणि डिझेलसाठी १२.५ टक्के रोड टॅक्स पडतो, म्हणजे अनुक्रमे १ लाख ६० हजार आणि सुमारे २ लाख १९ हजार रुपये. किंमत आणि कर मिळून डिझेलसाठी सुरुवातीलाच सुमारे २ लाख ९ हजार रुपये अधिक जातात. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १० आणि डिझेल गाडी १४ किलोमीटर चालते असे धरल्यास वरील दराने किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ९ रुपये ४८ पैसे आणि ६ रुपये २६ पैसे येतो. बचत ३ रुपये २२ पैशांची. या बचतीतून जादा रक्कम भरून यायला सुमारे ६५ हजार किलोमीटर लागतात.

येथून पुढे रोजचे अंतर निर्णय देते. दिल्लीच्या द्वारका भागातील ज्या कुटुंबाची गाडी दिवसाला वीस किलोमीटर आणि वर्षात तीनशे दिवस चालते, तिला ६५ हजार किलोमीटर पूर्ण करायला जवळपास अकरा वर्षे लागतील, म्हणजे पैसे वसूल होण्याआधी दहा वर्षांची मुदत संपेल. उलट, जो नोकरदार सोनीपत किंवा मेरठहून महामार्गाने रोज शंभर किलोमीटर ये-जा करतो, त्याची रक्कम सव्वादोन वर्षांच्या आत भरून निघते, आणि सलग वेगामुळे त्याची चाळणीही स्वच्छ राहते.

या हिशेबाचे एक टोक महाराष्ट्रापर्यंत पोहोचते. मुदत जवळ आलेल्या दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्तात विकल्या जातात आणि ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत जातात. अशा गाडीची कमी किंमत पाहून हरखणाऱ्या मराठी ग्राहकाने नव्या नोंदणीचा खर्च, महाराष्ट्रातील डिझेलवरचा चढा वाहन कर आणि दिल्लीच्या रहदारीत झिजलेला क्लच हे सारे किमतीत मिळवून मगच सौदा करावा. दिल्लीच्या हवेतून हटवलेला जुना धूर आपल्या गावी आणावा का, याचाही विचार त्या सौद्यात व्हायला हवा.

राजधानी क्षेत्रात राहून रोज चाळीस-पन्नास किलोमीटरपेक्षा कमी आणि मुख्यतः शहरातच गाडी चालवणाऱ्याने पेट्रोल घ्यावे. रोजचा लांबचा पल्ला महामार्गाने गाठणाऱ्याने बीएस-६ डिझेल घ्यावे आणि ती दहा वर्षांसाठीच आहे असे समजून घ्यावी. आणि जेथे मेट्रो दारापर्यंत पोहोचते, तेथे कोणतीही गाडी घरी ठेवलेली बरी. कारण नोव्हेंबरच्या धुरकट सकाळी शाळेत निघालेल्या मुलाच्या छातीत जाणारी हवा गाडीमालकाच्या आणि बिगर-गाडीवाल्याच्या मुलाला वेगवेगळी मिळत नाही.