विश्लेषण : गरम पाण्यावर किती वीज जाते? छोटा सेन्सर देतो हिशेब

थंडी पडली की मावळात गिझरचे बटण पहाटेच दाबले जाते. सोमाटण्याजवळच्या परंदवडीत आणि आसपासच्या गावांत कुठे बंब पेटतो, कुठे गच्चीवरच्या सौर टाकीवर भिस्त असते, तर नव्या इमारतींमध्ये गिझर. महिनाअखेरीस बिल वाढलेले दिसते. पण त्यातले गरम पाण्याचे किती, हे बिलावर लिहिलेले नसते. पाइपवर बसवलेला तापमानाचा छोटा सेन्सर हे उत्तर काढून देऊ शकतो.

आंघोळीला किती युनिट लागतात?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 1.16 वॅट-तास ऊर्जा लागते. थंडीत नळाचे पाणी 20 अंश सेल्सिअस आणि आंघोळीचे 40 अंश धरले, तर 18 लिटरच्या एका बादलीला सुमारे 0.42 युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या म्हणजे महिन्याला साधारण 50 युनिट.

महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या 100 युनिटपर्यंतचा दर कमी असतो आणि 101 ते 300 या टप्प्यात तो बराच वाढतो. म्हणजे पहिल्या टप्प्याची निम्मी जागा आंघोळीचे पाणीच अडवते. शिवाय गिझर नुसता चालू ठेवला, तर टाकीतून झिरपणारी उष्णता भरून काढण्यासाठी तो अधूनमधून वीज घेत राहतो. ती वीज या हिशेबात धरलेली नाही.

सेन्सर काम कसे करतो?

यासाठी सर्रास वापरला जाणारा सेन्सर म्हणजे ‘डीएस18बी20’. स्टीलच्या नळीत बंद केलेला, जलरोधक प्रकारचा हा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. उणे 55 ते 125 अंशांपर्यंत तो तापमान मोजतो. उणे 10 ते 85 अंशांच्या टप्प्यात त्याची अचूकता अर्ध्या अंशाची असते. ‘ईएसपी32’सारख्या वायफाय असलेल्या छोट्या बोर्डाला तो जोडायचा, डेटाची तार आणि वीजपुरवठ्याची तार यांच्यामध्ये 4.7 किलोओहमचा रोधक लावायचा, की दर काही सेकंदांचे तापमान मोबाइलवर दिसू लागते. बोर्डाला मोबाइलचा साधा चार्जर पुरतो.

सेन्सर गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपवर, शक्यतो धातूच्या जोडावर बांधावा. प्लास्टिकच्या पाइपातून उष्णता उशिरा बाहेर येते. वरून फोमची पट्टी गुंडाळली की हवेचा परिणाम कमी होतो. नळ सोडला की आलेख झटकन वर चढतो. नळ बंद केला की हळूहळू उतरतो. चढ कधी आला आणि पाणी किती वेळ चालले, हे त्यावरून कळते.

लिटर कसे मोजायचे?

सेन्सर तापमान सांगतो, पाणी किती गेले ते सांगत नाही. त्यासाठी नेहमीइतका नळ सोडून बादली किती वेळात भरते, ते एकदा घड्याळ लावून पाहावे. 15 लिटरची बादली तीन मिनिटांत भरली, तर मिनिटाला पाच लिटर. थंड पाण्याच्या पाइपवर दुसरा सेन्सर लावला, तर दोन्ही तापमानांतील फरक, लिटर आणि 1.16 यांचा गुणाकार म्हणजे खर्च झालेली ऊर्जा. नळ कमी-जास्त सोडला की हिशेब चुकतो. म्हणून याला अंदाजच म्हणावे.

सेन्सर बरोबर आहे ना?

बाजारात नकली सेन्सरही असतात. बर्फ घातलेल्या, ढवळलेल्या पाण्यात सेन्सरने शून्याच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्याची चाचणी घेताना मात्र 100 अंशांची अपेक्षा ठेवू नये. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच आहे. तिथे पाणी साधारण 98 अंशांनाच उकळते.

दुपारी पाणी तापवून ठेवावे का?

1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत लागू झाली. मग दुपारीच गिझर लावून पहाटेपर्यंत पाणी ठेवले तर?

समजा, 25 लिटरची टाकी 22 वरून 60 अंशांपर्यंत तापवली. वीज लागली 1.1 युनिट, सवलत मिळाली सुमारे 88 पैसे. पहाटेपर्यंत पाणी 10 अंशांनी निवले, तर 0.29 युनिट उष्णता वाया गेली. युनिटचा दर पाच रुपये धरला, तरी हा तोटा जवळपास दीड रुपयाचा. म्हणजे सवलत घेऊनही नुकसान. टाकीतले पाणी रात्रीत प्रत्यक्ष किती निवते, हे पाहण्यासाठी सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर आलेखाने गाठलेला सर्वांत वरचा आकडा पाहावा. दुपारी कपडे धुणाऱ्या किंवा उशिरा आंघोळ करणाऱ्या घरांना सवलतीचा खरा फायदा आहे.

सौर टाकीला उपयोग काय?

पावसाळ्यात मावळात कित्येक दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा टाकीतली विजेची कॉइल चालू केली जाते आणि ऊन पडल्यावरही ती बंद करायची राहून जाते. टाकीच्या तोंडाशी सेन्सर असेल, तर कॉइलची गरज आहे की नाही, हे जिना न चढता कळते. 15 मिलिमीटर आतील व्यासाच्या 10 मीटर पाइपात पावणेदोन लिटर पाणी मावते; गरम पाणी येईपर्यंत दर वेळी तेवढे तरी वाहून जाते. ते बादलीत धरून वापरता येते.

काय जपावे?

गिझर उघडून आत सेन्सर बसवू नये. तिथे 230 व्होल्टचा प्रवाह असतो. बादलीत हीटरचा रॉड चालू असताना पाण्यात सेन्सर किंवा बोट घालू नये. बंबाच्या आचेजवळ सेन्सरची प्लास्टिकची वायर वितळते.

बचतीच्या नादात गिझरचे तापमान फार खाली आणणेही धोक्याचे. कोमट साठ्यात ‘लिजिओनेला’ हा जिवाणू वाढतो. त्यामुळे साठवलेले पाणी 60 अंशांपर्यंत तापवण्याची शिफारस केली जाते. पण 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. लहान मुले आणि वृद्धांसाठी बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम.

घरातली वीज नेमकी कशावर जाते, हे मोजण्याचे काम पुण्यातील ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने ‘ईमार्क’ प्रकल्पात काही घरांत मीटर बसवून केले आहे. घरच्या घरी सुरुवात करायची, तर आठवडाभराचा आलेख पुरतो. गिझर पहाटे किती वाजता लावायचा, याचे उत्तर त्यात मिळते.