वीतभर विमानाची शिकवण

नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात घडलेल्या मिग-२१ विमानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलाचा निरोप घेतला. त्यांचे रूप जपण्याचे काम आता लघुप्रतिकृती घडविणाऱ्यांकडेही आले आहे. १:७२ या प्रमाणात सुमारे १५ मीटरचे हे विमान वीतभर उरते; मूळचा सेंटिमीटर मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा होतो. रंगाचा हात किंचित जाड पडला, तरी पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा बुजतात. येथे अजमासाने भागत नाही. हाताला माप आणि नजरेला सचोटी शिकविणारी ही कला महागड्या संचांची मिरासदारी का असावी? पुठ्ठा, बांबूच्या कामट्या व मोजपट्टी एवढ्यावर ती वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावीही रुजू शकेल. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला तिला हक्काचे स्थान द्यावे.