टायर एकाच कडेने का झिजतो?

जयपूरच्या पूर्वेस, आग्र्याकडे जाणाऱ्या राजमार्गावर कानोता हे गाव आहे. या मार्गाचा क्रमांक पूर्वी 11 होता. 2010 साली राजमार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हापासून तो 21 झाला. मोठ्या शहराजवळील अशा गावांतून दूध, भाजीपाला आणि चारा यांची ने-आण करणारे वाहन म्हणजे मागील बाजूस उघडा हौदा असलेली छोटी मालमोटार, अर्थात पिकअप. उदाहरणादाखल अशी एक पंधरा वर्षे वापरलेली गाडी घेऊ. तिच्या पुढील डाव्या टायरची बाहेरची कड गुळगुळीत झालेली आहे. आतील बाजूच्या खाचा मात्र अजून खोल आहेत. मालकाने नवा टायर बसविला, तरी काही महिन्यांत तीच कड पुन्हा झिजली. दोष टायरचा, की गाडीचा?

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते. ती कठीण असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का गाडीला बसतो. हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने 1845 साली घेतले होते. पण ते मागे पडले. 1888 साली जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर पुन्हा शोधून काढला आणि मग तो सर्वत्र रूढ झाला. या टायरमध्ये भार पेलण्याचे काम मुख्यतः आत कोंडलेली हवा करते. एका चाकावर 500 किलोग्रॅम भार असून हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 2.5 किलोग्रॅम असेल, तर टायरचा सुमारे 200 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. म्हणजे माणसाच्या पंजाहून थोड्या मोठ्या जागेवर चाकाचा सारा भार असतो. ही जागा सर्वत्र सारखी दाबली गेली आणि न घसरता पुढे गेली, तर झीज सारखी होते. यांपैकी एक अट मोडली, की झीज विषम होते.

झिजेच्या खुणा

विषम झिजेचे प्रकार थोडेच आहेत आणि प्रत्येकाचे कारण ठरलेले असते.

हवा कमी असेल, तर टायरचा मधला भाग आत दबतो व भार दोन्ही कडांवर येतो. म्हणून दोन्ही कडा झिजतात. हवा अधिक असेल, तर मधला पट्टा फुगून तोच झिजतो. पिकअपच्या मागील चाकांत हा दुसरा प्रकार पुष्कळदा आढळतो. शहराकडे जाताना हौदा भरलेला असतो. त्या भारासाठी भरलेली हवा रिकाम्या परतीच्या वाटेवर जास्त ठरते.

चाक उभ्या रेषेपासून कलले असेल, तर एकच कड झिजते: वरचा भाग बाहेर झुकला असल्यास बाहेरची, आत झुकला असल्यास आतील. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडत असतील, तर चाक रस्त्यावर उड्या घेत आहे असे समजावे. निकामी झालेले शॉक अब्सॉर्बर, असंतुलित चाक किंवा सैल बेअरिंग ही त्याची नेहमीची कारणे होत.

चौथी खूण डोळ्यांपेक्षा हाताला लवकर समजते. टायरच्या पट्ट्यांवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा बोचतो. याचा अर्थ चाकाचे तोंड गाडीच्या दिशेला समांतर नाही. धारदार कडा आतल्या बाजूस असतील, तर पुढील चाकांची तोंडे प्रमाणाबाहेर आत वळलेली आहेत. बाहेरच्या बाजूस असतील, तर ती बाहेर वळलेली आहेत.

अर्ध्या अंशाचा हिशेब

हा शेवटचा दोष दिसावयास क्षुल्लक असतो. एखादे चाक आपल्या योग्य दिशेपासून केवळ अर्धा अंश वळले आहे असे धरू. गाडी सरळ जात असता ते चाक दर किलोमीटरला सुमारे 8.7 मीटर आडवे ओढले जाते. जयपूर ते आग्रा हे अंतर सुमारे 240 किलोमीटर आहे. तेवढ्या प्रवासात ही आडवी ओढ दोन किलोमीटरांहून अधिक भरते. प्रत्येक फेऱ्यात रबर प्रथम ताणले जाते व जमीन सोडताना घसरते. हे घसरणे म्हणजेच झीज होय.

हा दोष घरीही मोजता येतो. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करावी. दोन्ही पुढील टायरांच्या मध्यरेषेवर, पुढच्या बाजूस, आसाच्या उंचीवर खडूने खूण करून दोन्ही खुणांतील अंतर घ्यावे. मग गाडी हळू पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूस आसाच्या उंचीवर आणाव्यात व पुन्हा अंतर मोजावे. टायरचा व्यास 70 सेंटिमीटर असून दोन्ही चाके अर्धा अंश आत वळलेली असतील, तर पुढील अंतर मागील अंतरापेक्षा सुमारे 12 मिलिमीटर कमी भरते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी हा फरक ताडून पाहावा.

दुरुस्तीचा क्रम

जुन्या गाडीत हा कोन नुसता जुळवून भागत नाही. टाय रॉडचे सांधे, किंगपिन आणि बुश झिजल्यामुळे चाक हलते राहते. कमानपाटे बसल्यामुळे गाडीचा तोल बदलतो. उभ्या गाडीवर अचूक बसविलेले चाक धावताना पुन्हा वाकडे होते. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट हवेची. दाब गार टायरमध्ये, सकाळीच तपासावा. दर चौरस सेंटिमीटरला 3 किलोग्रॅम दाब असलेल्या टायरचे तापमान 10 अंशांवरून 40 अंशांवर गेले, तर दाब सुमारे 3.4 होतो. राजस्थानच्या उन्हात तापलेल्या टायरमधील ही वाढ पाहून हवा सोडल्यास गार झाल्यावर ती कमी पडते.

दुसरी गोष्ट सैलपणाची. मागील चाकांना अडण लावावी, जॅकने पुढील चाक उचलावे आणि गाडी भक्कम आधारावर टेकवावी. चाक वर-खाली धरून हलविल्यास बेअरिंग किंवा किंगपिनचा सैलपणा कळतो. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला असता तो नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा होय. चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलविल्यास टाय रॉडचे सांधे कळतात. झिजलेले भाग बदलल्यावर चाकांचे संतुलन करावे आणि सर्वांत शेवटी कोन जुळवावेत. नवे टायर त्यानंतरच घालावेत.

भारतातील नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरहून कमी खोल असू नयेत. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरील पाणी याच खाचांतून बाहेर जाते. खाचा नसलेल्या कडेखाली पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक दाबूनही भरलेली गाडी वेळेवर थांबत नाही. म्हणून टायरची खोली मध्यभागी न मोजता जिथे तो सर्वांत अधिक झिजला आहे, तिथे मोजावी.

कानोत्याच्या आपल्या उदाहरणातील मालकाने टायर बदलला; पण ज्याने तो झिजविला, तो सैल सांधा तसाच ठेवला. टायर हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. महिन्यातून एकदा चारही टायरांवरून हात फिरविला, तर एका बुशच्या किमतीत जे काम होते, त्यासाठी टायरची किंमत मोजावी लागत नाही.