पोर्ट दिसायला एकच, क्षमता मात्र वेगवेगळी : डॉकिंग स्टेशन घेण्यापूर्वी लॅपटॉप तपासा

नवी दिल्ली : लॅपटॉपला एकच केबल जोडायची आणि मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, इंटरनेटची वायर व चार्जिंग ही सारी कामे तिच्यावर सोपवायची, ही डॉकिंग स्टेशनची सोय. घर आणि कार्यालय अशा दोन ठिकाणी काम करणाऱ्यांना ती हवीहवीशी वाटते. मात्र हजारो रुपये मोजून आणलेल्या डॉकवर दुसरा मॉनिटर काळाच राहतो किंवा केबल जोडलेली असूनही बॅटरी उतरत जाते, अशीही वेळ येते. अशा वेळी दोष डॉकचाच असतो असे नाही. लॅपटॉपच्या पोर्टची मर्यादा आधी तपासलेली नसते.

भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी टाइप-सी जोडणीसाठी भारतीय मानक जाहीर केले. आकार सारखा झाला म्हणून क्षमता सारखी होत नाही, हे मात्र ग्राहकाने ध्यानात ठेवायला हवे. काही यूएसबी-सी पोर्ट केवळ माहितीची देवाणघेवाण करतात, काही चार्जिंगही स्वीकारतात, तर मॉनिटरवर चित्र पाठवण्यासाठी पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सुविधा असावी लागते. पोर्टशेजारी बाणाच्या टोकाची वीज कोरलेली असेल, तर ते थंडरबोल्ट समजावे. सर्वच कंपन्या अशा खुणा छापत नाहीत. त्यामुळे मॉडेल क्रमांकावरून कंपनीचे तांत्रिक माहितीपत्रक पाहणे अधिक खात्रीचे.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ‘फोर-के’ हा शब्दही अपुराच. त्यापुढे ३० हर्ट्झ आहे की ६० हर्ट्झ, हे बारीक अक्षरांत असते. अनेक स्वस्त डॉकमध्ये चित्र आणि माहिती एकाच केबलमधील मार्गिका वाटून घेतात. मग फोर-के चित्र ३० हर्ट्झवरच थांबते आणि माऊसचा बाण अडखळत सरकल्यासारखा दिसतो. दिवसभर आकडेमोड किंवा लेखन करणाऱ्याच्या डोळ्यांना ते खुपते.

दोन मॉनिटर हवे असतील, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. विंडोजवर एकाच जोडणीतून दोन स्वतंत्र पडदे चालवणारी एमएसटी पद्धत मॅकवर त्याप्रमाणे चालत नाही. तेथे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटते. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला तर मुळातच एक बाह्य मॉनिटर चालतो. डिस्प्लेलिंक तंत्राचे डॉक ही अडचण दूर करतात. पण त्यांना स्वतंत्र सॉफ्टवेअर लागते. कार्यालयाच्या लॅपटॉपवर ते बसवण्याची परवानगी मिळेल का, हे आधीच विचारलेले बरे.

थंडरबोल्ट ४ मध्ये सेकंदाला ४० गिगाबिटचा वेग आणि ६० हर्ट्झचे दोन फोर-के पडदे मिळतात. मात्र एकच साधा मॉनिटर वापरणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

विजेचा हिशेब निराळा. लॅपटॉपसोबत ६५ वॉटचा चार्जर आला असेल, तर डॉकने लॅपटॉपला किमान तेवढी वीज द्यायला हवी. अॅडॉप्टरवर छापलेला आकडा एकूण क्षमतेचा असतो. त्यातील काही वाटा डॉक स्वतःसाठी राखतो. यूएसबी-सी चार्जिंगची कमाल मर्यादा २०२१ मध्ये १०० वॉटवरून २४० वॉटपर्यंत वाढली. तरीही शक्तिशाली ग्राफिक्सच्या अनेक लॅपटॉपना मूळ चार्जर वेगळा लावावाच लागतो.

भारतीय घरांत आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. पण स्वतंत्र अॅडॉप्टरवर चालणारा डॉक बंद पडतो. त्याला जोडलेली हार्ड डिस्क त्याच क्षणी तुटते आणि अर्धवट उतरलेली फाइल खराब होऊ शकते. वारंवार वीज जाणाऱ्या भागात डॉक यूपीएसवर ठेवावा किंवा डिस्क थेट लॅपटॉपला जोडावी.

डॉकसोबत आलेली केबल आखूड वाटली, तरी मोबाइलच्या चार्जिंगची केबल तिच्याजागी लावू नये. अशा अनेक केबलमधून सेकंदाला ४८० मेगाबिटपेक्षा अधिक माहिती जात नाही आणि चित्रही पोहोचत नाही. खरेदीनंतर परतीची मुदत संपण्याआधी दोन्ही मॉनिटर, चार्जिंग आणि इंटरनेटची वायर एकाच वेळी जोडून कामाचा एक पूर्ण दिवस डॉक वापरून पाहावा.