गुण शंभर, गिऱ्हाईक शून्य

स्टार्टअप इंडियाला २०२६ च्या १६ जानेवारीला दहा वर्षं झाली. राज्य सरकारने तर २०२५ च्या ऑगस्टमध्येच पुढचा आकडा ठरवून टाकला आहे: पाच वर्षांत ५० हजार स्टार्टअप आणि सव्वा लाख उद्योजक. एवढी माणसं आणायची कुठून, असं विचारलं की बोट विद्यापीठांकडे वळतं. विद्यापीठांचीही ना नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यांसाठी वेगळा संचालक नेमायची सोय करून ठेवलेली आहेच. केंद्रं उघडली, फिती कापल्या गेल्या, भिंतींवर पिवळे बल्ब रंगवून झाले. बल्बाच्या चित्राशिवाय इनक्युबेशन सेंटर चालू शकतं, हे अजून कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही.

माझी शंका मात्र इमारतीबद्दल नाही, प्रश्नपत्रिकेबद्दल आहे.

उद्योजकता हा विषय आपल्या वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत नवा नाही. शुंपीटरची व्याख्या सांगा. यशस्वी उद्योजकाचे गुण स्पष्ट करा. प्रकल्प अहवालाचे घटक लिहा. टिपा लिहा: जिल्हा उद्योग केंद्र. गाइड घेऊन चार रात्री बसलं की पेपर सुटतो, आणि आयुष्यात कुणाला दहा रुपयांची वस्तू न विकलेला मुलगा उद्योजकतेत शंभरपैकी ऐंशी गुण मिळवतो. त्यात मुलाचा दोष नाही. जे तपासलं जातं तेच तो शिकतो.

उद्योजकता शिकवता येते का, हा वाद आपल्याकडेच साठ वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. १९६४ साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत प्रशिक्षण दिलं. भर हिशेबावर नव्हता, काहीतरी करून दाखवण्याच्या ईर्ष्येवर होता. पुढे पाहणी केली तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्यांची धडपड इतरांपेक्षा जास्त दिसली. भारतातल्या उद्योजकता विकास कार्यक्रमांचं मूळ तिथे सापडतं. अहमदाबादची राष्ट्रीय संस्था १९८३ ची, आपलं छत्रपती संभाजीनगरचं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (एमसीईडी) १९८८ चं. गंमत अशी की काकीनाड्यातला गाभा होता तो माणसाच्या वागण्याचा, आणि विद्यापीठांपर्यंत पोचले ते फक्त त्या कार्यक्रमाचे टप्पे, तेही पाठ करायला.

वागण्याच्या बाजूने अलीकडचा भक्कम पुरावा पश्चिम आफ्रिकेतून आला आहे. टोगोची राजधानी लोमे इथल्या दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले गेले. एकाला नेहमीचं शिक्षण: हिशेब, विपणन, भांडवल. दुसऱ्याला पुढाकाराचं: कुणी सांगायची वाट न पाहता सुरुवात करणं, शेजारच्या दुकानाची नक्कल टाळणं, अडलं तरी चिकटून राहणं. तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या गटाशी तुलना करता पुढाकार शिकलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला होता. नेहमीचं शिक्षण घेतलेल्यांचा ११ टक्के, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल असा नाही. ही माणसं आधीपासून धंद्यात होती, कॉलेजची पोरं नव्हती, हे खरं. पण हिशेब शिकवला की धंदा येतो या समजुतीला यातून धक्का बसतोच.

उलट बाजूही सांगायला हवी. नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावण्याचा कार्यक्रम होता. त्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी स्वतःच्या कौशल्यांचं केलेलं मोजमाप जागचं हललं नाही, आणि उद्योजक होण्याची इच्छा चक्क कमी झाली. उद्दिष्टाचे आकडे लावून बसलेल्या खात्याला हे वाचवणार नाही. मला मात्र तो कार्यक्रम फसला असं वाटत नाही. हे आपलं काम नाही, हे विसाव्या वर्षी कॉलेजच्या खर्चाने कळलं तर तिसाव्या वर्षी बापाची जमीन गहाण पडत नाही.

मग शिकवायचं काय? माझ्या मते यावर सगळ्यात कामाचं उत्तर मूळच्या भारतीय असलेल्या सरस सरस्वती यांच्याकडे आहे. त्या अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डार्डन स्कूलमध्ये शिकवतात. नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांच्या हाताखाली पीएचडी करताना त्यांनी २७ मुरलेले कंपनी-संस्थापक गाठले. प्रत्येकाच्या हातात एका काल्पनिक उत्पादनाची १७ पानी समस्या ठेवली आणि मोठ्याने विचार करत ती सोडवायला सांगितली. सगळं टेप केलं. पुस्तकांप्रमाणे या मंडळींनी आधी बाजारपेठेची पाहणी मागायला हवी होती, मग उद्दिष्ट, मग नियोजन. बहुतेकांनी पाहणीचे आकडे बाजूला सारले. त्यांचे प्रश्न वेगळे होते. आपण कोण, आपल्याला काय येतं, आपल्या ओळखीचं कोण? किती बुडालं तर चालेल? आपल्याबरोबर आत्ता पैसे किंवा वेळ घालायला कोण तयार आहे? ध्येय आधी ठरवून साधनं गोळा करण्याऐवजी ते साधनांपासून निघाले आणि ध्येय वाटेत घडत गेलं. हा सिद्धांत २००१ साली मांडला गेला आणि आज जगभर शिकवला जातो.

आपल्याला हे पटायला व्हर्जिनियाला जायची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवायला लागले. यंत्रांची जाण होती आणि शेतकरी समोर दिसत होता, म्हणून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशा समजुतीपायी नांगर पडून राहिले. पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींची ओळख कामाला आली आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. यात पंचवार्षिक अंदाजपत्रक कुठे बसवणार? आजच्या एखाद्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत लक्ष्मणराव पहिल्याच फेरीत बाद झाले असते, आणि परीक्षकांनी त्यांना ‘स्केलेबिलिटी’बद्दल दोन शब्द सुनावले असते.

स्पर्धा वाईट नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘युरेका’ने कित्येक पोरांना पहिला धक्का दिला आहे. पण स्लाइड बघून बक्षीस देण्यापेक्षा गिऱ्हाईक बघून गुण देणं अवघड आहे, म्हणून ते टाळलं जातं. अमेरिकेत सरकारी पैशाने चालणाऱ्या ‘आय-कॉर्प्स’मध्ये शास्त्रज्ञांनासुद्धा सात आठवड्यांत शंभर संभाव्य ग्राहकांशी बोलून यावं लागतं. बोलायचं म्हणजे विकायचं नाही, विचारायचं.

आपल्याकडे यासाठी वेगळा निधीसुद्धा लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आधीच आहेत. आज त्यांचा शेवट बहुतेक ठिकाणी स्पायरल बाइंडिंगमध्ये होतो. त्याऐवजी फील्ड प्रोजेक्टमध्ये मुलांनी खरोखर काही विकावं, आणि गुण वहीला द्यावेत: कुणाकुणाशी बोललात, काय ऐकलंत, त्यावरून काय बदललंत, किती पैसे गेले. तोटा झाला म्हणून नापास करायचं नाही. वही खोटी निघाली तर करायचं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या धोरणात स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरीत सवलत आणि प्रकल्पाच्या जागी स्टार्टअप चालवायची मुभा सुचवलेली आहे. ते परिपत्रक किती प्राचार्यांच्या टेबलावर उघडं आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.

खरी अडचण शिकवणाऱ्याची. तासिका तत्त्वावर, पुढच्या सत्रात बोलावतील की नाही याची खात्री नसलेला प्राध्यापक जोखीम कशी पेलावी यावर व्याख्यान देतो. खरं तर वर्गात त्या विषयाचा अनुभव एकट्या त्यालाच असतो, पण तो अभ्यासक्रमात बसत नाही. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चं दार उघडलं: १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत नेमणुका. पण त्या पदासाठी नावं सुचतात ती कंपन्यांच्या उपाध्यक्षांची. इचलकरंजीचा यंत्रमागवाला, लासलगावचा कांद्याचा व्यापारी, दोनदा बुडून तिसऱ्यांदा उभी राहिलेली मसाल्याची कारखानदारीण यांची नावं कोण पाठवणार?

निदान तोंडी परीक्षेला तरी यांना बोलवावं. बाजूच्या कॉलेजातले सर बहिस्थ परीक्षक म्हणून येतात, चहा घेतात, सोळा ते अठराच्या मध्ये गुण देतात. त्यांच्या जागी बाजार समितीतला एखादा अडत्या बसला, तर मुलांच्या वहीतला खोटा खरेदीदर तो पहिल्या पानावर पकडेल. त्याला मानधन द्यायचं कोणत्या रकान्यातून, एवढाच प्रश्न विद्यापीठाच्या वित्त विभागाने सोडवायचा आहे.